उरलेली तीस सेकंदं

गादीशेजारचं घड्याळ तीस सेकंदांवर आलं की आघाडीवर असलेल्या पैलवानाची मान हमखास तिकडं वळते. एका गुणानं पुढं असलेला गडी त्या क्षणी नवा गुण मिळवायचा नाद सोडतो आणि पदरात आहे ते सांभाळायला लागतो. टाच मागं सरकते, कंबर सरळ होते, हात नुसते समोरच्याला थोपवायला पुढं राहतात. पिछाडीवरच्या पोराला नेमकं हेच हवं असतं. कोल्हापुरात गादीवरचा सराव बघत बसलं की हा प्रकार इतक्यांदा दिसतो, की पुढचा डाव बाकावर बसलेल्या माणसालाही आधी कळू लागतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘शेवटचा क्षण’ हा विषय कळवला, तेव्हा मी कोल्हापूरची वाट धरली. या गावाला निकालाचं वेड आहे. लाल मातीतली कुस्ती इथली, पेठापेठांतला फुटबॉल इथला आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर पदकं मिळवणारे नेमबाजही इथलेच. वेळ संपत आलेली असताना जिंकणारा माणूस नेमकं करतो तरी काय, एवढंच मला पाहायचं होतं.

कट्ट्यावर विचारलं तर उत्तर तयार असतं: रग. काळीज लागतं, येरागबाळ्याचं काम नाही. या उत्तरावर कोल्हापूरकराचा मनापासून विश्वास आहे आणि त्यात खोटं काही नाही. पण तालमी, स्टेडियम आणि नेमबाजी यांच्याकडं जवळून पाहिल्यावर मला वाटतं, की रग सगळ्यांकडंच असते. हरणाऱ्याकडंही असते. फरक पडतो तो शेवटच्या मिनिटाची वेगळी मेहनत कुणी केली आहे यानं. आणि ती मेहनत प्रत्येक खेळात निराळी असते, कारण प्रत्येक खेळातलं घड्याळ निराळं असतं.

घड्याळ नसलेलं मैदान

खासबाग कुस्ती मैदानात उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतो तो उतार. चहूबाजूंनी जमीन मधल्या हौद्याकडं उतरत येते, त्यामुळं अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही ते स्वच्छ दिसतं. १९०२ मध्ये शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून अशी जागा आपल्या गावात हवी असं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. १९१२ मध्ये हे मैदान सुरू झालं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या ऑलिंपिक पदकानं कोल्हापूर नाचत होतं. एकाच आठवड्यात या गावानं दोन्ही टोकं पाहिली.

या मैदानाच्या रचनेतच जुन्या कुस्तीचं गणित आहे. निकाल म्हणजे चितपट. दोन्ही खांदे मातीला टेकले पाहिजेत आणि ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत, वेळही नाही. निकाली कुस्ती तासभर चालली तरी कुणाची हरकत नसे. पंचांना वाटलं तर बरोबरीत सोडवायची, नाही तर झुंजू द्यायचं.

अशा कुस्तीत शेवटचा क्षण घड्याळ ठरवत नाही, श्वास ठरवतो. जाणता वस्ताद कुस्ती बघताना हातांकडं कमी आणि पायांकडं जास्त बघतो. पैलवान चवड्यांवर आहे तोवर ठीक. तळवा सपाट पडायला लागला, की दम संपत आला म्हणून समजायचं. मग तोंड उघडतं, मान जड होते, खडाखडीत पुढं आलेला हात परत जायला उशीर करतो. त्या उशिरात पट निघतो किंवा ढाक लागते. समोरच्याच्या मानेवर सतत भार टाकत राहायचं, त्याला आपलं वजन वाहायला लावायचं आणि तो क्षण यायची वाट बघायची, ही मातीतली खरी विद्या. हजार-हजार जोर-बैठका कशासाठी, याचं उत्तर इथं मिळतं. शेवट कधी येणार हे ठाऊक नसलेल्या माणसाला शेवट स्वतःच घडवून आणावा लागतो.

जत्रेच्या मैदानांत आता वेळेचं बंधन शिरलं आहे. मोठी कुस्ती रेंगाळली की पंच ती गुणांवर घेतात, म्हणजे पहिला ताबा घेईल तो विजयी. पब्लिकला ते फारसं रुचत नाही. हलगी कडकडत असते, इनाम पुकारलेलं असतं, माणसं झाडांवर चढून बसलेली असतात आणि निकाल लागतो कुणी कुणाच्या मागं गेला यावर. म्हाताऱ्या शौकिनांचा चेहरा अशा वेळी बघवत नाही. मला त्यांची बाजू पटते. चितपटीत वाद उरत नाही.

सहा मिनिटं आणि रेषेबाहेरची टाच

गादीवर सगळंच बदलतं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची उसंत. खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, पाठ धोक्यात आणली की दोन, उचलून टाकलं तर चार किंवा पाच. आणि प्रतिस्पर्ध्याचा पाय वर्तुळाबाहेर गेला तर एक गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते.

मातीत वाढलेल्या पोराला सगळ्यात जड जातो तो हा बाहेरच्या पायाचा एक गुण. हौद्याच्या कडेला कुस्ती गेली तर पंच दोघांना मधोमध आणून पुन्हा लावतात, कडेला जाण्याची शिक्षा नसते. त्यामुळं मागं पाठ न वळवता, नुसत्या टाचेनं रेषा ओळखण्याची सवय लागलेलीच नसते. गादीवर आघाडी सांभाळणारा माणूस मागं सरकतो, आणि मागं रेषा असते.

त्यात बरोबरीचा नियम आणखी पेच घालतो. गुण सारखे झाले तर आधी मोठ्या गुणाचा डाव कुणी मारला ते बघतात, मग ताकिदी कुणाला कमी मिळाल्या ते, आणि तरीही सारखंच असेल तर शेवटचा गुण ज्यानं घेतला तो विजयी. म्हणजे १–० अशी आघाडी घेऊन शेवटच्या सेकंदात एक टाच बाहेर पडली, तर धावफलकावर १–१ दिसतं आणि कुस्ती गेलेली असते. नुसतं टाळत राहिलं तरी चालत नाही. पंच निष्क्रियतेची ताकीद देतात, मग तीस सेकंद देतात. त्यात गुण घेता आला नाही तर समोरच्याला फुकटचा एक गुण.

हे सगळं एका कुस्तीत बघायचं असेल तर ६ ऑगस्ट २०२४ ची पॅरिसमधली विनेश फोगाट आणि जपानची युई सुसाकी यांची लढत आठवावी. सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर कुणाकडूनही हरलेली नव्हती. विनेशच्या निष्क्रियतेवर तिला दोन गुण मिळाले होते आणि शेवटची काही सेकंदं उरेपर्यंत फलक २–० असाच होता. विनेशनं पहिली साडेपाच मिनिटं फक्त सुसाकीचे पटावरचे हल्ले बंद ठेवले. दोन गुण जाऊ दिले, पण मोठा गुण दिला नाही. शेवटी सुसाकी सांभाळायला लागली आणि त्याच क्षणी विनेशनं तिला खाली नेलं. २–२ झाले आणि एकाच डावात दोन गुण घेतल्यामुळं विनेश पुढं गेली. जपानी गोटानं दाद मागितली, ती फेटाळली गेली, त्याचा एक गुण वाढून ३–२. त्याच्या तीन वर्षं आधी टोकियोत उलटं घडलं होतं. कांस्यपदकाच्या लढतीत दीपक पुनिया २–१ असा पुढं होता आणि शेवटच्या काही सेकंदांत सॅन मारिनोच्या मायल्स अमिननं त्याच्या हातून पदक काढून घेतलं.

कोल्हापूरला जवळची आठवण एप्रिल २०२२ ची. साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती. या स्पर्धेची एक खासियत आहे: माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता एकमेकांसमोर उभे राहतात आणि शेवटची लढत गादीवर होते. पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याचा पृथ्वीराज पाटील विशाल बनकरविरुद्ध पिछाडीवर पडला होता. उत्तरार्धात त्यानं कुस्ती खेचून आणली आणि ५–४ अशी जिंकली. कोल्हापूर जिल्ह्यानं दोन दशकांहून अधिक काळ महाराष्ट्र केसरीच्या गदेची वाट पाहिली होती. २००० मध्ये विनोद चौगुले यांच्यानंतर ती इथं आलीच नव्हती. गदा आली त्या दिवशी गावात जे झालं ते झालंच, पण मला त्या कुस्तीतली एक गोष्ट मोलाची वाटते. मागं पडल्यावरही पृथ्वीराजनं एकाच मोठ्या डावावर सगळं लावून टाकलं नाही. मागं पडलेला गडी घाईत आंधळा डाव मारतो आणि उलटा पाठीवर जातो, हे कुस्तीतलं नेहमीचं दृश्य आहे.

म्हणून आता गादीवर शिकवणारे प्रशिक्षक शेवटची तीस सेकंदं वेगळी काढून लढवतात. पोरांना आधी दमवायचं, दोरावर चढवायचं, बैठका मारायला लावायच्या. मग जोडी लावायची आणि सांगायचं, तू एका गुणानं मागं आहेस, तू पुढं आहेस, तीस सेकंद आहेत. शिट्टी. पुन्हा जोडी तीच, गुण उलटे. दहा-बारा वेळा हेच. बघायला फार रंगतदार नसतं. घामानं गादी निसरडी होते, ती पुसायला पोरं फडकं घेऊन धावतात, पुन्हा शिट्टी. पण यातूनच पुढं असलेल्याला कळतं की मधल्या जागेत राहून, समोरच्याचं मनगट धरून, हल्ल्याचा आव आणत आघाडी राखायची असते. आणि मागं असलेल्याला कळतं की तीस सेकंद पुष्कळ असतात. एक पट काढायला चार सेकंदही पुरतात.

खाशाबांना न मिळालेली विश्रांती

घड्याळाबद्दल लिहिताना खाशाबा जाधवांना ओलांडून पुढं जाता येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण घडले कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या वर्गणीतून बाकीचं जमलं.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग एक लांबलेली, अंग पिळवटून काढणारी कुस्ती झाली आणि ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा त्यांचा हक्क होता. तो हक्क मागायला तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या अर्ध्या तासाचा विचार मनातून जात नाही. खाशाबांच्या दमात कमी नव्हती, डावात कमी नव्हती. कमी होती ती नियम ठाऊक असलेल्या आणि टेबलापाशी जाऊन भांडणाऱ्या एका माणसाची. शेवटच्या क्षणाचं श्रेय आपण एकट्या खेळाडूला देतो आणि दोषही त्याच्याच माथी मारतो. गादीच्या कोपऱ्यात बसलेला प्रशिक्षक दाद कधी मागायची, कधी नाही, हे दोन-चार सेकंदांत ठरवतो, आणि चुकला तर समोरच्या पैलवानाला एक गुण मिळतो. खाशाबांच्या कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

शाहू स्टेडियमचा टायब्रेकर

कोल्हापूरच्या फुटबॉलची गंमत संघांच्या नावांतच आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालमींनी फुटबॉल सांभाळणारं दुसरं गाव माझ्या माहितीत नाही. सामना असला की पेठ रिकामी होते आणि राजर्षी शाहू स्टेडियम भरतं. आपापल्या गॅलरीत आपापली माणसं, आणि कुठल्या खेळाडूचा डावा पाय चालतो, कोण तिसऱ्या सामन्यात कसा चुकला होता, याचा हिशेब शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ.

फुटबॉलचं घड्याळ पंचाच्या मनगटावर असतं. जादा वेळ किती द्यायचा ते त्याच्या हाती आणि नेमका कधी संपेल हे मैदानावर कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळं इथली शेवटची मिनिटं कुस्तीपेक्षा जास्त पसरट आणि जास्त गोंगाटाची. एक संघ थ्रो-इनला चेंडू पुसत बसतो, दुसरा संघ पंचाकडं मनगट दाखवत धावतो, गॅलरी शिट्ट्यांनी फुटते.

याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. भारत फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगनं हेडरवर गोल केला, १–१ बरोबरी, भारताचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल. दिल्लीचं नेहरू स्टेडियम वेडं झालं. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल मारला. सामना १–२ गेला. गोल मारल्यानंतरचं मिनिट हेच सगळ्यात धोक्याचं, असं फुटबॉलमध्ये मानतात. पोरं आनंदात जागा सोडतात, मागची फळी फुटते. स्थानिक सामन्यांतही बरोबरीचा गोल झाला की बाकावरचे जाणते लोक नाचायच्या आधी ओरडतात: मागं या, मागं या.

बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर. मैदानाच्या मध्यापासून पेनल्टीच्या खुणेपर्यंत एकट्यानं चालत जायचं, अकरा मीटरवरून मारायचं. मोठ्या स्पर्धांमधल्या शेकडो टायब्रेकरचा अभ्यास गेयर योर्डेट या नॉर्वेच्या संशोधकानं केला आहे. त्याला दोन गोष्टी ठळक दिसल्या. शिट्टी वाजताच घाईनं पळत जाऊन मारणारे जास्त चुकतात. आणि ‘हा गेला तर जिंकलो’ अशा किकपेक्षा ‘हा चुकला तर हरलो’ अशी किक बरीच जास्त वाया जाते. पाय तोच, अंतर तेच. सुटका करून घ्यायची घाई माणसाला गोत्यात आणते.

यावर उपाय साधा आहे आणि तो कुठलाही चांगला प्रशिक्षक करून घेतो. सराव सामना संपल्यावर, पायांत गोळे आलेले असताना पेनल्टी मारायला लावायच्या. ताज्या पायांनी सकाळी वीस पेनल्टी मारून काहीच सिद्ध होत नाही. कोपरा आधी ठरवायचा आणि गोलरक्षकानं काहीही केलं तरी बदलायचा नाही. शिट्टीनंतर एक श्वास घ्यायचा. एवढं करूनही गॅलरीचा आवाज सरावात आणता येत नाही, आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीचा आवाज काय चीज आहे ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

तीन सेकंद, पन्नास सेकंद

उषाराजे हायस्कूलच्या दोन नेमबाज मुली. तेजस्विनी सावंत आधीची, राही सरनोबत नंतरची. तेजस्विनीनं ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि विश्वविजेती झाली. नेमबाजीत भारताची पहिली महिला विश्वविजेती. तेजस्विनीला बघून राहीनं हातात पिस्तूल घेतलं.

राहीचा प्रकार २५ मीटर पिस्तूल. अंतिम फेरीत हात खाली, ४५ अंशांत. हिरवा दिवा लागला की तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. दिवा बंद, सात सेकंद थांबायचं, पुन्हा तीन सेकंद. गोळी १०.२ किंवा त्याहून आत बसली तरच मोजतात, नाही तर शून्य. मधलं काही नाही.

२२ ऑगस्ट २०१८, पालेम्बांग, आशियाई स्पर्धा. पन्नास गोळ्यांनंतर राही आणि थायलंडची नफस्वन यांगपायबून दोघींच्या नावावर ३४. शूटऑफ, पाच-पाच गोळ्या. ४–४. पुन्हा शूटऑफ. ३–२, राही. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी कोपराच्या दुखापतीनं तिची कारकीर्द अडखळली होती, हे ध्यानात घेतलं की त्या साठ गोळ्यांचं वजन कळतं.

तीन सेकंदांत विचाराला जागाच नसते. सायन बायलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं आहे, की अंगवळणी पडलेलं कौशल्य दडपणाखाली बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच्या पायऱ्यांकडं लक्ष गेल्यामुळं. हात कसा उचलायचा हे तरबेज माणूस विसरलेला असतो. त्याला ते आठवायला लावलं की तो नवशिक्यासारखा करतो. जोडे घालून रोज उतरतो त्या जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरायला लागलं की ठेच लागते, तसंच.

रायफलचं दुःख वेगळं. तिथं वेळ पुरेसा असतो, आणि तोच छळतो. ५० मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. गुडघ्यावर पंधरा गोळ्या, पालथं पडून पंधरा, उभ्यानं पंधरा. शेवटच्या गोळ्या एकेक करून, प्रत्येकीला पन्नास सेकंद, आणि जवळजवळ प्रत्येक गोळीनंतर एक माणूस बाहेर. पन्नास सेकंदांत नेम बिघडला तर रायफल खाली घेऊन पुन्हा लावायला एकदा वेळ मिळतो. दुसऱ्यांदा नाही. खाली घ्यायची की ओढून टाकायचा चाप, हा निर्णय हालणाऱ्या नळीवर घ्यायचा असतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं हा निर्णय दोन्ही बाजूंनी भोगला आहे. सप्टेंबर २०२३, हांगझो, आशियाई स्पर्धा. अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. उभ्यानं मारताना एक गोळी ७.६ वर गेली. आघाडीवरून थेट चौथा. सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक पदक त्या एका गोळीत गेलं. त्याच्या आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता.

१ ऑगस्ट २०२४, शातोरू, पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी. सकाळी पोटात फक्त काळा चहा होता, असं त्यानं नंतर सांगितलं. पहिली गोळी ९.६. गुडघ्यावरच्या पंधरा संपल्या तेव्हा १५३.३ गुण, सहावा. पालथं पडून १५६.८, पाचवा. उभ्यानं पहिल्या पाच ५१.१, दुसऱ्या पाच ५०.४. चाळीस गोळ्यांअखेर ४११.६ आणि तिसरा. म्हणजे ज्या उभ्या स्थितीनं हांगझोत घात केला, तीतच तो वर चढला. मग एकेक गोळी: १०.५, ९.४, ९.९, १०.०. एकूण ४५१.४, कांस्य. त्या ९.४ कडं मी पुनःपुन्हा बघतो. हांगझोची ७.६ अंगावर असलेल्या माणसाला ९.४ नंतर हात थरथरायला भरपूर कारण होतं. पुढची ९.९ गेली. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, आणि दोन्ही वेळा कोल्हापूरचा हात होता.

या मेहनतीचे पैसे कोण भरतं

शेवटच्या गोळीची शांती हजारो आधीच्या गोळ्यांतून येते आणि गोळी फुकट मिळत नाही. स्वप्नीलचे वडील शिक्षक. पोराच्या सरावाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. २००९ पासून क्रीडा प्रबोधिनीचा आधार, पुढं रेल्वेत नोकरी, असं जमत गेलं. ज्याला आठवड्याला मोजून गोळ्या मिळतात, त्याच्याकडं रग कितीही असू दे, ऑलिंपिकच्या ४३ व्या गोळीला उभं राहण्याची तयारी होत नाही.

कुस्तीचं दुखणं याहून गुंतागुंतीचं आहे. तालमीतल्या पोराला दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक लागतो. घरची शेती थोडी असेल तर तो परवडत नाही. पैसे मिळतात जत्रेत. दिवाळी झाली की गावोगावच्या यात्रा, उरूस सुरू होतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत मैदानं चालतात. चांगल्या पैलवानाला तिथं रोख इनाम मिळतं, त्यावर खुराक चालतो. पण ही मैदानं मातीची. तिथं रेषा नाही, बाहेरच्या पायाला गुण नाही, फलकावर पळणारी सेकंदं नाहीत. राज्याची, देशाची निवड मात्र गादीवर होते. म्हणजे ज्या कुस्तीनं पोराचं पोट भरतं ती त्याला एक सवय लावते आणि ज्या कुस्तीत त्याचं भवितव्य आहे तिला दुसरीच सवय लागते.

माती बंद करा, असं मी म्हणणार नाही. दमाची जी शिदोरी हौद्यात मिळते ती गादीवर मिळत नाही, आणि खासबागेची कुस्ती गेली तर कोल्हापुरात उरेल काय? पण प्रत्येक मोठ्या तालमीत हौद्याशेजारी एक पूर्ण मापाची गादी, भिंतीवर मोठं घड्याळ आणि नियम शिकलेला एक माणूस, एवढं तरी असायला हवं. अनेक ठिकाणी गादी आहे पण जुनी, फाटलेली, किंवा जागेअभावी अर्धीच अंथरलेली. अर्ध्या गादीवर वर्तुळाची कड येत नाही. कड नसेल तर टाचेला रेषा कळणार कशी? आणि जत्रेच्या कमिट्या जेवढं इनामावर खर्च करतात, त्यातल्या थोडक्या पैशांत मैदानात एक घड्याळ आणि फलक नक्की बसतो. गुणांवर कुस्ती घ्यायचीच आहे तर पोराला आणि पब्लिकला, दोघांनाही किती वेळ उरला आहे ते दिसू तरी दे.

सध्या हे ओझं पोरंच वाहतात. रविवारी रात्री मैदान मारून, कानात माती घेऊन परतलेला पोरगा सोमवारी पहाटे गादीवर उतरतो. पहिली फेरी झक्क करतो, दुसऱ्या फेरीत एका गुणानं पुढं असतो आणि वीस सेकंद उरलेली असताना टाच बाहेर टाकतो. प्रशिक्षक शिव्या घालून तीच जोडी पुन्हा लावतो. बुधवारी त्याला पुढच्या गावची जत्रा असते.